वेल्सला येताय? मग किल्ल्यांच्या आधी शेतघरं बघा

भारतातून कोणी वेल्सला यायचं ठरवलं की आधी मला किल्ल्यांची यादी येते, कार्नार्वन, कॉन्वी, हार्लेख. साहजिकच आहे, आपण मराठी माणसं, किल्ला दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. पण एक लक्षात घ्या, हे तिन्ही किल्ले वेल्श लोकांचे नाहीतच, 1282-83 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकलं आणि इथल्या लोकांना दाबात ठेवायला ते बांधले. बांधकाम जबरदस्त आहे, वर्ल्ड हेरिटेज आहेत, सगळं मान्य. पण इथल्या साध्या माणसाने स्वतःसाठी काय बांधलं हे बघायचं असेल तर शेतघरं बघावी लागतात, आणि माझं ठाम मत आहे की ती आधी बघावीत.

कार्डिफच्या बाहेर सेंट फेगन्स म्हणून ओपन एअर म्युझियम आहे, 1948 ला उघडलं, योर्वर्थ पीट या माणसाने त्यासाठी आयुष्य वेचलं. वेल्सभरातली जुनी घरं सुटी करून, दगडा-लाकडांवर नंबर टाकून, इथे आणून परत उभी केलीत. त्यातलं किलेवेंट माझं सगळ्यात लाडकं. मध्य वेल्सच्या डोंगराळ भागातलं, मूळ लाकडी घर 1470 च्या आसपासचं, दगडी भिंती 1734 मधल्या. लांबच लांब घर, एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गोठा, वर छप्पर एकच. अशा घरांत गोठा उताराच्या बाजूला ठेवायचे म्हणजे मूत-पाणी माणसांकडे न येता खाली वाहून जातं, जनावरांची ऊब घराला मिळते, आणि बर्फात मध्यरात्री गाय व्यायला झाली तरी बाहेर पडावं लागत नाही. "ई, गुरांबरोबर राहायचे?" म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतात तेव्हा मला खरंच राग येतो, कारण त्या थंडीत, तेवढ्या पैशात, यापेक्षा शहाणं घर बांधून दाखवा ना.

तिथेच उत्तर वेल्समधून आणलेलं हेन्द्रेर-अविद आहे, 1508 चं. लाकडातली वर्तुळं मोजून झाडं कधी तोडली ते कळतं, त्यावरून हे साल काढलंय. कुडाच्या भिंती, खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज, आणि घराच्या मधोमध जमिनीवर आगटी, धुराडं नाहीच, धूर छपरातून वाट काढेल तसा. आत गेलात की वर मान करून बघाच. नैसर्गिकरीत्या वाकलेला ओक शोधायचा, तो उभा चिरायचा, दोन्ही फाळ्या समोरासमोर उभ्या करून शेंड्याला जोडायच्या, अशा जोड्यांवर छपराचं सगळं वजन. भिंतीवर भार नाहीच, म्हणून तर कुड चालतो, आणि पुढच्या पिढीकडे पैसे आले की कुड काढून दगड घालता येतो, छपराला हात न लावता. वेल्समधल्या कितीतरी घरांत हे असंच झालंय, बाहेरून बघाल तर दगडी, पोटात मात्र जुना ओक.

तिथलंच केनिक्स्टन नावाचं लालभडक घर पण बघा, भुताखेतांपासून राखण म्हणून भिंतींना लाल रंग दिलेला.

आता खरं मोठं काम एका शेतघरातूनच झालंय. कॉन्वी भागात पेनमाख्नोजवळ टी माउर नावाचं घर आहे, 1545 च्या सुमारास तिथे एका कुळाच्या घरी विल्यम मॉर्गन जन्मला. 1536 च्या कायद्याने कोर्टकचेऱ्यांतून वेल्श भाषा बाहेर काढली होती, आणि या पोराने पुढे अख्खं बायबल वेल्शमध्ये आणलं, 1588 मध्ये. त्यामुळे दर रविवारी गावोगाव चर्चमध्ये वेल्श मोठ्याने वाचली जाऊ लागली, ती टिकली त्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे. आता सांगा, हार्लेखचा बुरुज मोठा की हे घर?

आणि अशी घरं गेलीत कशी तेही बघा. 1965 मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला पाणी पाहिजे म्हणून कापेल केलिन गाव बुडवलं, शाळा, पोस्ट, चॅपल आणि 12 घरं-शेतं पाण्याखाली, वेल्सच्या खासदारांचा जवळपास एकमुखी विरोध असताना. हल्ली बुडवत नाहीत, विकत घेतात. शेतघर सुट्टीचं घर होतं, वर्षातले चार आठवडे दिवे लागतात, गावातल्या तरुण जोडप्याला त्या किमतीत घर मिळत नाही, आणि वेल्श बोलणारं एक कुटुंब तिथून कमी होतं. वायव्य वेल्समधल्या ग्विनेथच्या कौन्सिलने 2023 पासून सेकंड होमवर कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरपट्टीच्या, वर 150 टक्के जादा लावला, त्यावरून खूप आरडाओरडा झाला, पण मला विचाराल तर अगदी बरोबर केलं. म्युझियममध्ये चार घरं जपून भागत नाही, डोंगरात उभी आहेत त्यांत माणसं राहिली पाहिजेत.

सेंट फेगन्सला प्रवेश फुकट आहे, फक्त पार्किंगचे पैसे लागतात. निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा, आणि घराघरात म्युझियमची माणसं बसलेली असतात त्यांच्याशी बोला, भरभरून सांगतात. टी माउरला जाणार असाल तर उघडं आहे का ते आधी बघून निघा, शेवटचा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे.