‘रूम’मधील आईवरचे आरोप

लेनी अब्राहमसन यांच्या ‘रूम’ (२०१५) या चित्रपटाविषयी एक मत वारंवार वाचायला मिळते: कोंडून ठेवलेल्या नायिकेने, जॉयने, मुलाला खोटे सांगून वाढवले, स्वतःच्या सुटकेसाठी त्याचा जीव पणाला लावला, सुटल्यावर त्याला वाऱ्यावर सोडले आणि तरीही अखेरीस मायलेकाच्या प्रेमाने सगळे सुरळीत झाले. यातला एकही मुद्दा चित्रपटाशी ताडून पाहिल्यास टिकत नाही.

सतराव्या वर्षी पळवून नेलेल्या आणि सात वर्षे एका शेडमध्ये कोंडलेल्या जॉयने ‘खोलीपलीकडे खरे काही नाही’ असे अपहरणकर्त्यापासून तिथेच झालेल्या आपल्या मुलाला, जॅकला सांगितले, ते त्याला जे मिळणारच नव्हते त्याची ओढ लागू नये म्हणून. तो पाच वर्षांचा झाल्यावर खरे सांगितले तेही तिनेच. अपहरणकर्ता यायच्या वेळी ती जॅकला कपाटात निजवते आणि त्या माणसाला त्याच्या जवळ फिरकू देत नाही, हे आरोप करणाऱ्यांना दिसले नाही काय?

गालिच्यात गुंडाळून, मेल्याचे सोंग घ्यायला लावून जॅकला त्याच अपहरणकर्त्याच्या हातून बाहेर पाठवणे जोखमीचे होते, हे मान्य. परंतु त्या माणसाची नोकरी गेली होती, त्याने खोलीची वीज तोडून दाखवली होती. थांबण्यातही धोका होताच.

मुलाला सोडल्याचा आरोप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. सुटका चित्रपटाच्या मध्यावरच होते आणि पुढचा सारा भाग घरी परतलेल्या मुलीचे काय होते यासाठी राखलेला आहे. तिचे वडील जॅककडे पाहूही शकत नाहीत. ‘सगळ्यांशी चांगले वाग’ ही तुझी शिकवण मनात नसती तर आजारी कुत्र्याचे निमित्त सांगणाऱ्या त्या माणसाच्या मदतीला मी गेलेच नसते, असे ती आईला सुनावते. त्यानंतर दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत तिला विचारले जाते की, बाळाला रुग्णालयापाशी नेऊन ठेव असे त्या माणसाला सांगावे, हे कधी मनात आले नाही का. तिला स्वार्थी ठरवणारे आज तोच प्रश्न पुन्हा विचारत आहेत, आणि त्या प्रश्नानंतर ती जीव द्यायचा प्रयत्न करते, हे विसरत आहेत.

गोड शेवटाचे म्हणाल तर, आपली ताकद ज्यांत आहे असे जॅक मानतो ते केस कापून तो तिच्यासाठी पाठवतो, तरी परतलेली जॉय आपण पुरेशी चांगली आई नसल्याचेच सांगते. ‘पण तू आई आहेस,’ एवढेच तो म्हणतो. पुढे त्याच्याच इच्छेवरून दोघे त्या शेडमध्ये जातात. तो एकेका वस्तूचा निरोप घेतो आणि तिलाही घ्यायला सांगतो. तिचे ओठ हलतात, आवाज मात्र ऐकू येत नाही.