पुढचे पाठ, मागचे सपाट

दहा भागांची मालिका शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर सुरू करून शनिवारी दूधवाला येण्याच्या आत संपवणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे उगाच वाईट बोलले जाते. डोळे बिघडतात, मान धरते, सुट्टी झोपेत जाते, हे तोटे सगळेच सांगतात. परंतु या व्यवहारातला खरा नफा कोणी सांगत नाही. तो असा की, पाहिलेले बरेचसे चार-पाच महिन्यांत डोक्यातून निघून जाते आणि तीच मालिका कोऱ्या मनाने पुन्हा पाहता येते. एका वर्गणीत दुहेरी करमणूक मिळत असताना ती नाकारणे शहाण्या गृहस्थाला शोभत नाही. म्हणून विसरायचेच आहे तर ते पद्धतशीर कसे विसरावे, हे आपण समजून घ्यावे.

या नफ्याला शास्त्राचा आधार आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५१ विद्यार्थ्यांना बीबीसीची सहा भागांची एक हेरकथा दाखवली. एका गटाने सहाही भाग एका बैठकीत पाहिले, दुसऱ्याने रोज एक आणि तिसऱ्याने आठवड्याला एक. त्यानंतर २४ तासांनी, सात दिवसांनी आणि १४० दिवसांनी सर्वांना कथानकावर प्रश्न विचारण्यात आले. पहिल्या परीक्षेत एका बैठकीवाल्यांनी बाजी मारली आणि आठवडेवाले मागे पडले. मात्र १४० दिवसांपर्यंत एका बैठकीवाल्यांची घसरण सर्वांत जास्त झाली, तर आठवडेवाल्यांनी जे थोडे कमावले होते ते बऱ्यापैकी सांभाळले. एका बैठकीवाल्यांना ती मालिका इतरांपेक्षा कमी आवडली, असेही त्यात दिसले. परंतु आपला विषय विसरण्याचा असल्यामुळे आनंदासारख्या किरकोळ बाबीत शिरण्याचे कारण नाही.

तेव्हा आपली विद्वत्ता २४ तासांत खपवावी. शनिवारी दुपारी उठून संध्याकाळी मित्रांत बसावे आणि कोणत्या पात्राने कोणत्या भागात कोणाला फसवले, हे तारखेवार सांगावे. समोरचा थक्क होईल. मात्र पुढे हा विषय कोणी काढलाच तर "शेवट जरा ओढून ताणून केला आहे" एवढे बोलून चहा मागवावा. हे वाक्य जवळपास कोणत्याही मालिकेला चालते.

पद्धतीचे मर्म एकच आहे, ते म्हणजे खंड पडू न देणे. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच हा धोका दाखवून ठेवला आहे. हा मनुष्य अर्थहीन अक्षरगटांच्या माळा स्वतःच पाठ करी आणि स्वतःच किती विसरलो ते मोजी. बारा अक्षरगटांची माळ एका दमात ६८ वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वेळा घोकूनही साधले, असे त्याला आढळले. मधल्या काळात माणूस थोडे विसरतो, मग ते आठवून आठवून वर काढतो, आणि या ओढाताणीतच गोष्ट पक्की बसते. शिवाय झोपेत मेंदू दिवसभराचा ऐवज लावून ठेवतो. म्हणून झोपू नये, आठवू नये आणि "मागील भागात आपण पाहिले" सुरू होताच ते ओलांडून पुढे जावे, कारण ती उजळणी आहे आणि उजळणीने आपल्या साधनेत विघ्न येते.

याची सोय करणारे लोक आपल्यापेक्षा पुष्कळ दूरदर्शी आहेत. नेटफ्लिक्सने १ फेब्रुवारी २०१३ रोजी 'हाउस ऑफ कार्ड्स'चे पहिले १३ भाग एकदम मोकळे केले, आणि आपली स्पर्धा झोपेशी आहे असे त्या कंपनीचे रीड हेस्टिंग्ज २०१७ साली म्हणाले. पुढचा भाग आपोआप सुरू होतो, त्यामुळे बोट हलवण्याचेही कष्ट नाहीत. पहाटे तीनला पडद्यावर "अजून पाहताय का?" असा प्रश्न येतो, तेव्हा मात्र न लाजता होकार द्यावा. रात्र थोडी आणि सोंगे फार.

या शिस्तीअभावी माणसाचे काय होते, ते आमच्या घरात पाहावे. दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लागे आणि ७८ भाग पुरे व्हायला ३१ जुलै १९८८ उजाडला. आमच्याकडे टीव्ही नव्हता. आई शेजारच्या काकूंकडे जाई आणि मला गच्चीवर अँटेना धरायला उभे करी. मी वरून "आलं का?" असे ओरडायचो आणि खालून "आलं, आता हलू नकोस!" असे उत्तर यायचे, त्यामुळे मला ती मालिका आजही मुख्यतः आवाजी आठवते. भाग संपला की पुढचे सहा दिवस नळावर, गिरणीत आणि भाजीवालीपाशी त्याच भागाचे चर्वितचर्वण चाले. परिणामी कोणत्या रविवारी ऐन युद्धात वीज गेली आणि काकूंनी खिडकीतून वायरमनला काय सुनावले, हे आईला अजून तोंडपाठ आहे. टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, तीच मालिका रोज दोनदा दाखवू लागले. तीही तिने एकूण एक पाहिली. त्याबद्दल विचारले तर ती पुन्हा वायरमनवरच येते.

माझी प्रगती याहून चांगली आहे. गेल्या महिन्यात मी एका खुनाच्या मालिकेचे चार भाग मोठ्या उत्कंठेने पाहिले. पाचव्यात तपास अधिकाऱ्याने कान तुटलेला निळा कप बेसिनमध्ये विसळला आणि मला तो कप ओळखीचा वाटला. खुनी नव्हे, कप. मागे जाऊन पाहिले, तर दुसऱ्या सीझनच्या चित्राखालीही लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती. म्हणजे सोळाही भाग मी एकदा संपवले होते. सोफ्यावर शेजारी बसलेल्या आईने विचारले, "मग खून कोणी केला रे?" मी सांगितले की ते कळायला अजून तीन भाग आहेत, आणि हातोहात पुढचा लावला.