पहाटेच्या फेरीवरून घोडा कसा ओळखावा

मोठी शर्यत जवळ आली की घोड्यांचा पहाटेचा सराव पाहायला जाणाऱ्यांची संख्या आमच्या शहादा-सारंगखेडा पट्ट्यात अलीकडे इतकी वाढली आहे, की सरावाला आलेल्या घोड्यांपेक्षा त्यांची पारख करायला आलेली माणसेच अधिक दिसतात. दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, तापीकाठचा घोडेबाजार, मारवाडी, काठियावाडी आणि नुकऱ्या घोड्यांच्या रांगा हे सारे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला घोड्यातले आपोआप कळू लागते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यात आता महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरील आणि थेट अमेरिकेतल्या केंटकी डर्बी या शर्यतीच्या आधीच्या सरावाच्या चित्रफितीही हातातल्या मोबाईलवर येतात, त्यामुळे उरलीसुरली शंकाही फिटली आहे. ज्या मोजक्या दुर्दैवी वाचकांना ही विद्या अजून प्राप्त झालेली नाही, त्यांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन करीत आहे.

सर्वप्रथम आपल्या मोबाईलमधले स्टॉपवॉच सुरू करावे. घोडा किती अंतर धावणार आहे, हा प्रश्न मनातही आणू नये, कारण त्यामुळे हिशेब विनाकारण अवघड होतो. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर अंतराचे खांब रोवलेले असतात आणि शेवटचे सहाशे मीटर अडतीस सेकंदांत की चाळीस सेकंदांत, तेही सहज की दामटून, अशी नोंद तिथले जाणकार ठेवतात. आपल्याला मात्र बाभळीपासून पंपाच्या खोलीपर्यंतचा पल्ला पुरेसा आहे. शर्यतीत घोडा उभ्याने सुटतो आणि पहाटे तो आधीच वेगात असताना घड्याळ दाबले जाते, हा फरक किरकोळ समजावा. पाठीवर कोण आहे, हेही पाहू नये. शर्यतीत स्वाराचे व खोगिराचे वजन तोलून ठरवलेले असते आणि पहाटे पाठीवर कधी हलका पोरगा असतो, तर कधी जेवणखाण सांभाळून असलेला, घोड्याची निगा राखणारा मोतद्दार. पण घड्याळाला वजन कळत नसल्यामुळे आपणही ते कळून घेण्याचे कारण नाही. वळणावर घोडा कठड्याला लागून गेला की बाहेरून, याकडेही दुर्लक्ष करावे. अर्धवर्तुळाच्या एका वळणावर चार मीटर बाहेरून गेलेला घोडा बारा मीटरहून अधिक जास्तीचे अंतर कापतो, म्हणजे जवळपास पाच लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या अंगाची लांबी) आणि पाऊण सेकंद तिथेच खर्ची पडतात, असे गणित सांगते. परंतु गणित सांगणारा मनुष्य पहाटे पाच वाजता थंडीत आपल्या शेजारी उभा नसतो.

अंधारात सगळेच घोडे कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, दिसतात, तेव्हा जो सर्वांत पुढे दिसेल तोच आपला समजावा. केंटकीत डर्बीच्या आठवड्यात दावेदार घोड्यांच्या खोगिराखाली त्यांच्या नावाचे कापड घालतात. आपल्याला असल्या कुबड्यांची गरज नाही.

कान टवकारलेले असतील तर घोडा खूश आहे आणि मागे पाडलेले असतील तर तो चिडला आहे, असे ठामपणे सांगावे. जोर लावून धावणाऱ्या घोड्याचे कान बहुधा मागेच असतात आणि टवकारलेल्या कानांचा अर्थ अनेकदा इतकाच असतो, की त्याने अजून पूर्ण जोर लावलेलाच नाही. पण असे बोलणाऱ्यास चहा पाजला जात नाही.

घोड्याने तोंड उघडले की ‘दम लागला’ असे जाहीर करावे. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, त्याचा सगळा कारभार नाकपुड्यांवर चालतो, आणि तोंड उघडते ते बहुधा लगाम खेचला जातो म्हणून, ही माहिती कोणी दिल्यास त्याला आपल्या गटातून तात्काळ काढून टाकावे.

देवमण (अंगावरचा शुभ भोवरा) आणि पंचकल्याणी (चारही पाय व तोंडावर पांढरे) पाहावेच पाहावे. वेगाशी त्यांचा संबंध काय, हे विचारणारा पाखंडी.

आता परदेशी दाखले. बोलण्यात वजन यावे म्हणून सेक्रेटॅरिएट या घोड्याचे नाव अधूनमधून घेत राहावे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बेलमाँट शर्यतीच्या आधी त्याने सरावात एक मैल १ मिनिट ३४ ४/५ सेकंदांत काढला आणि मग ती शर्यत एकतीस लेंग्थनी मारली, एवढेच सांगून थांबावे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वुड मेमोरियल या शर्यतीत तो तिसरा आला होता आणि त्याच्या तोंडात गळू झाले होते, ही गोष्ट मात्र सांगू नये, कारण मग कोणीतरी विचारील, की ते गळू दोरीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कसे दिसणार होते? आणि दोनच आठवड्यांनी त्याच घोड्याने केंटकी डर्बी १ मिनिट ५९ २/५ सेकंदांत जिंकून जो विक्रम केला तो आजही मोडलेला नाही, हे सांगितले तर आपलाच मुद्दा उलटा फिरतो. २०२२ च्या डर्बीचा विषय तर काढूच नये. दुसरा घोडा आदल्या दिवशी बाहेर पडला म्हणून ऐनवेळी जागा मिळालेला रिच स्ट्राइक तेव्हा एकास ऐंशीच्या भावाने जिंकला, आणि आठवडाभर दुर्बिणी लावून बसलेल्या मंडळींपैकी फार थोड्यांना त्याच्याकडे पाहण्याची गरज वाटली होती.

घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. ते कौशल्य घोड्याचे, जॉकीचे आणि ट्रेनरचे असते, हा तपशील आपण मनावर घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना आता देतो. सराव देणाऱ्याला ‘आज घोड्याला काय करायला सांगितले आहे?’ असे चुकूनही विचारू नये. हा एक प्रश्न विचारला की आपली सगळी विद्या पाण्यात जाते. पहाटेची फेरी ही शर्यत नसते. मागच्या मेहनतीनंतर अंग मोकळे व्हावे म्हणून कधी घोड्याला नुसती रपेट मारून आणतात, कधी शेवटच्या टप्प्यात थोडा सोडून पाहतात, कधी बुजऱ्या घोड्याला मुद्दाम दुसऱ्याच्या मागे ठेवून तोंडावर माती खायची सवय लावतात, तर कधी दोघांना जोडीने सोडून कमकुवत असेल त्याचा हुरूप वाढावा म्हणून चांगल्याला आवरून धरतात. काय पाहायचे आहे ते सराव देणाऱ्याला ठाऊक असते, उत्तर घोडा देतो, आणि प्रश्न न ऐकताच गुण मात्र तुम्ही देता. तालमीत सपाट्या मारणाऱ्या पहिलवानाला पाहून उद्याच्या कुस्तीचा निकाल सांगावा, तसला हा प्रकार आहे.

गेल्या महिन्यात आमच्याच तालुक्यातल्या एका शर्यतीच्या आधी मी आमची घोडी पहाटे बाहेर काढली होती. तिची खरी मेहनत त्याच आठवड्यात होऊन गेली होती, त्यामुळे स्वार पोराला मी स्पष्ट सांगितले होते, की हलक्या दौडीने आण, शेवटी लगाम किंचित सैल सोड, ती स्वतःहून जितकी वाढेल तितकी वाढू दे आणि मग आपसूक थांबू दे. दोरीपाशी आपली मंडळी हजर होतीच. मोबाईलचे टॉर्च घोडीच्या डोळ्यांवर. पहिल्या फेरीतच एकाने आरोळी दिली, ‘‘भो, घोडी आजारी शे का? पयतच नही!’’ लगेच दहा जण हसले. दुसरा, आणि हा गृहस्थ चांगला शिकलेला व वयाने वाढलेला आहे, पोराला म्हणाला, ‘‘दादा, एक छडी दे ना, मी व्हिडिओ काढतो!’’ पोरगा एकोणीस वर्षांचा. इतके मोबाईल आपल्याकडे वळलेले त्याने जन्मात पाहिले नव्हते. मी पलीकडच्या टोकाला उभा, हात हलवून ओरडतो आहे, आणि त्याने छडी ओढली. घोडीने त्या पहाटे शर्यतीत धावायचे ते सगळे धावून टाकले, तेही रात्रभराच्या दवाने वरून निसरड्या आणि खालून टणक झालेल्या पट्टीवर. दोरीपाशी टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, आणि ती चित्रफीत नाश्त्याच्या आत अर्ध्या जिल्ह्यात पोहोचली, खाली मजकूर असा, की ‘हिच्यावर डोळे झाकून लावा’.

संध्याकाळी तिने चंदीला तोंड लावले नाही. पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवला तर गुडघ्याखाली, मागच्या बाजूच्या शिरेपाशी (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी शीर), पाय गरम. दुसऱ्या दिवशी तिथे सूज. डॉक्टरांनी पाहिले आणि विश्रांती सांगितली. शिरेला खरोखर इजा झाली तर ती भरून यायला कित्येक महिने जातात आणि भरलेली शीरही पहिल्यासारखी लवचीक राहत नाही, त्यामुळे मी घोडी शर्यतीतून काढून घेतली. यात कोणालाही काही विचित्र वाटण्यासारखे नव्हते. परंतु शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी काही मंडळी माझ्या ओट्यावर आली, त्यांत व्हिडिओ काढणारे गृहस्थही होते, आणि त्यांनी मला विचारले, की घोडी ‘बसवायचे’, म्हणजे मुद्दाम शर्यतीबाहेर ठेवायचे, किती घेतले? पहाटे एवढी पळाली होती, आम्ही स्वतः पाहिले आहे, आणि दोन दिवसांत तिला काय धाड भरली? ज्यांनी तिला पळवले तेच पुरावा म्हणून तिचे पळणे माझ्यासमोर धरत होते, आणि त्यांच्यापैकी एकालाही त्यात काही खटकले नाही.

शिवाय हे पैसे लावले होते कुठे? रेसकोर्सच्या बाहेर, परवान्याशिवाय लावलेली पैज कायद्यात बसत नाही, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. बेकायदा पैजेत बुडालेल्या रकमेची वसुली माझ्या ओट्यावर येऊन मागायची, ही हिंमत कुठून येते?

आता मार्गदर्शन पुरे. घोडा कळतो तो तुम्ही घरी निघून गेल्यानंतर. उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते आणि भरधाव धावताना ते दोनशेच्या वर जाते. थांबल्यावर ते किती लवकर खाली येते, नाकपुड्यांची फडफड कधी शांत होते, हे मोतद्दार त्याला फिरवून थंड करताना पाहतो. त्या रात्री चंदीचे भांडे रिकामे झाले का, हे पाहतो. दुसऱ्या सकाळी चारही पायांवरून हात फिरवून कुठे ऊब लागते का, हे पाहतो, आणि घोडा पागेतून पहिली दहा पावले कशी टाकतो, हे पाहतो. यांतले एकही दृश्य चित्रफितीत येत नाही, म्हणून तुम्हाला त्यात रस नाही. तुम्हाला पळणारा घोडा पाहिजे, तोही फुकट, तोही तुमच्या घड्याळासमोर, आणि तो पळाला नाही तर तुम्ही पळवणार.

आणि एवढे करून तुम्ही स्वतःला शौकीन म्हणवता. शौकीन माणूस दोरीच्या बाहेर गप्प उभा राहतो, कारण चार-पाचशे किलोचे जनावर ओरड्याने किंवा उजेडाने बुजले तर त्याच्या पाठीवरच्या पोराची मान मोडू शकते, हे त्याला समजते. तुमच्या लेकाला त्या खोगिरावर बसवून कोणी डोळ्यांवर टॉर्च मारला असता, तर तुम्ही काय केले असते?

लाज वाटायला हवी. छडी ओढणाऱ्या त्या पोराला आता गावात ‘घोडी मोडणारा’ म्हणून हाका मारतात, आणि त्या हाका मारणाऱ्यांत सर्वांत पुढे तेच आहेत ज्यांनी त्याला छडी ओढायला सांगितले. तो रोजंदारीवर येतो. घोडी उभी असल्यामुळे त्याचा सकाळचा रोज बंद झाला होता. मी त्याला घोडीला खरारा करण्याचे आणि दाणापाणी देण्याचे काम दिले आहे. त्याच्याकडून झालेल्या चुकीबद्दल त्याच्याशी मी बोललो आहे, ते आमच्या दोघांतच राहील. तुम्ही त्याला पुन्हा रस्त्यात अडवू नका. पुढच्या सरावाला यायचे असेल तर मोबाईल खिशात ठेवा, तोंड बंद ठेवा आणि दोरीच्या आत पाय टाकू नका. हे जमत नसेल तर घरी झोपा.