जाहिराती धरून अर्धा तास

टीव्हीवरच्या बाईचा मेनोपॉज अर्ध्या तासात आटोपतो, तोही जाहिराती धरून. पहिल्या पाच मिनिटांत ती उगाचच कोणावर तरी खेकसते, मध्यावर डॉक्टरकडे जाऊन येते, घरातले सगळे एकमेकांकडे बघून 'अच्छा, म्हणजे ते होय!' असा चेहरा करतात आणि शेवटी नवरा तिच्या खांद्यावर हात ठेवतो. पुढच्या आठवड्यात बाई ठणठणीत. विषय पुन्हा निघत नाही. हे वेळापत्रक मला मनापासून आवडलेलं आहे. त्यासाठी अर्ज कुठे करायचा, तेवढंच कळत नाही.

सध्या रात्रीची झोप माझ्यावर रुसली आहे. त्यामुळे जुन्या परदेशी विनोदी मालिका बघणं हा माझा जोडधंदा झालाय. घरातले घोरतायत, टीव्हीचा आवाज जेमतेम, खाली सबटायटल्स. विनोद ऐन रंगात येतो आणि नेमकी त्याच क्षणी छातीत कोणीतरी शेगडी पेटवतं. तिथून वाफ गळ्यापर्यंत, गळ्यावरून कानांपर्यंत चढते, चष्म्याच्या काचा धूसर होतात, रिमोट हातात बुळबुळीत होतो. पंखा एकवरून पाचवर. थोड्या वेळात सगळं शांत, आणि मग घामेजलेल्या गाऊनमध्ये हुडहुडी. पंखा पाचवरून एकवर. तोवर पडद्यावर काय झालं ते निसटलेलं असतं, म्हणून मागे घ्यायचं आणि त्याच विनोदावर नव्याने हसायचं. माझ्याइतका प्रामाणिक प्रेक्षक त्या मालिकांना स्टुडिओतही मिळाला नसेल.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी व्हायला लागलं की त्याचा स्वभाव माझ्यासारखा होतो, म्हणजे एवढंसंही खपत नाही. ज्या किरकोळ चढउताराकडे त्याने एरवी ढुंकूनही पाहिलं नसतं, त्यावरून तो घर डोक्यावर घेतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो, घाम फोडतो. हे टीव्हीवर दाखवायचं कसं? एकच युक्ती सगळ्यांना सापडलेली दिसते: बाईने फ्रीज उघडून आत डोकं घालायचं. ते खरंच आहे, मीही घालते. फक्त आत डोकं गेल्यावर आपण ते थंडाव्यासाठी घातलंय की काहीतरी काढायला आलो होतो, हे मला आठवत नाही. टीव्हीवरच्या बाईला नेमकं आठवतं. स्मरणशक्तीची ही चैन तिला कशी परवडते कोण जाणे.

या सगळ्याची गंगोत्री म्हणजे 'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकन मालिकेचा १९७२ सालचा एक भाग. त्याआधी वीस वर्षं, 'आय लव्ह लूसी'मध्ये नायिकेला दिवस गेले (आणि ते काम करणाऱ्या ल्युसिल बॉललाही खरोखरच गेले होते), तेव्हा वाहिनीने 'प्रेग्नंट' हा शब्दसुद्धा उच्चारू दिला नव्हता. तिथून एकदम पाळी जाण्यापर्यंत मजल म्हणजे धाडसच. नवऱ्यापुढे कायम नमतं घेणारी ईडिथ या भागात एका वाक्यात मधाळ बोलते आणि पुढच्या वाक्यात कडाडते. एरवी तिला गप्प बसवणाऱ्या त्या नवऱ्याला, आर्चीला, ती चक्क गप्प बसायला सांगते. ईडिथ झालेली जीन स्टेपल्टन तेव्हा स्वतः एकोणपन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. ते काम बघताना मी सोफ्यावर एकटीच 'हेच, हेच!' म्हणत होते. या भागाच्या लेखनाला टीव्हीसाठीचा एमी पुरस्कारही मिळाला.

पण त्यातला सगळ्यात गाजलेला विनोद कोणाच्या वाट्याला? आर्चीच्या. तो वैतागून बायकोला बजावतो की तुझं जे काय व्हायचंय ते आत्ताच्या आत्ता होऊ दे, तीस सेकंद देतो. हसले मी, खोटं कशाला बोलू? तरी तेव्हापासून कॅमेरा जो नवऱ्याच्या चेहऱ्यावर जाऊन बसला तो उठायला तयार नाही. घाम बाईला, आणि क्लोजअप बिचाऱ्याचा. बाई ओरडली की हशा नाही. ती ओरडल्यावर तो दचकला की हशा. आमच्या घरातही दचकणारा एक आहे. चांगला माणूस आहे, पण त्याच्या दचकण्यावर अर्धा तास निघणार नाही.

दुसरी आवडती क्लृप्ती म्हणजे दिवस गेल्याचा संशय. एका घरात राहणाऱ्या चार बायकांच्या 'द गोल्डन गर्ल्स'मध्ये १९८६ साली त्यांच्यातल्या ब्लांशची पाळी चुकते, तिला वाटतं आपल्याला मूल होणार, आणि निघतो मेनोपॉज. पुढे 'दॅट सेव्हन्टीज शो'मधल्या किटीचंही तेच. तुम्ही म्हणाल, लेखकांना दुसरं काही सुचत नाही. तसं नाही, ही धास्ती अस्सल आहे. पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत ती वेळी-अवेळी येते, दडी मारते, पुन्हा उगवते, आणि दडी मारली की जिच्या पोटात गोळा येत नाही अशी बाई मला दाखवा. ब्लांशचा भाग मला आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. चौघी बायका आपापल्या पाळी जाण्याबद्दल एकमेकींशी बोलतात आणि तिथे दचकायला एकही पुरुष हजर नाही. जोडीला त्यांनी पैशांसाठी मिंक नावाचे प्राणी पाळलेत, जोड्या जमत नाहीत म्हणून हैराण आहेत, आणि शेवटी कळतं की प्राण्यांचंच वय उलटून गेलंय. इतका निर्दय आणि नेमका विनोद बायकांच्या पंगतीतच होतो.

फक्त हिशेब बघा. 'द गोल्डन गर्ल्स' १९८५ ते १९९२ अशी सात सीझन चालली. अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारी 'स्वान' नावाची पाहणी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे आकडे सांगतात की ज्यांना वाफा वारंवार येतात, त्यांच्यातल्या निम्म्याजणींना त्या सव्वासात वर्षांहूनही जास्त छळतात. म्हणजे ब्लांशला पहिल्या सीझनपासून वाफा सुरू झाल्या असत्या, तर मालिका संपली तरी पंखा चालूच. आणि तिला मिळाला एक भाग! शेवटाचं तर विचारूच नका. सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असं डॉक्टर मानतात. म्हणजे शेवटचा एपिसोड होऊन गेला हे वर्षाने कळणार, आणि अकराव्या महिन्यात बया दत्त म्हणून उभी राहिली तर मोजणी पुन्हा एकपासून. असली पटकथा घेऊन कोणी वाहिनीत गेलं तर दारावरूनच परत पाठवतील.

वयाचं गणितही टीव्हीवर असंच बेताल. त्याच मालिकेत डोरथीच्या म्हाताऱ्या आईचं काम करणारी एस्टेल गेटी डोरथी झालेल्या बी आर्थरपेक्षा वर्षभराने लहान होती. पांढरा विग चढवला आणि झाली आई. (काम झक्कास केलं, वादच नाही.) एरवी पडद्यावर बाई आज प्रेयसी आणि उद्या थेट आजी असते. मधली वीस वर्षं ती कुठे असते? मला विचाराल तर फ्रीजसमोर.

अलीकडच्या 'फ्लीबॅग' या ब्रिटिश मालिकेत मात्र २०१९ साली एक वेगळीच गोष्ट झाली. अभिनेत्री क्रिस्टिन स्कॉट थॉमस बारमध्ये बसून नायिकेला सांगते की मेनोपॉज भयंकर असतो आणि त्यानंतरचं मोकळेपण अफाट. ना फ्रीज, ना खेकसणं, ना कोणी दचकणारा. एक बाई बोलते आणि दुसरी कान देऊन ऐकते. लिहिणारी फीबी वॉलर-ब्रिज तेव्हा जेमतेम तेहेतिशीची, तरी हे तिला बरं कळलं. माझ्या मैत्रिणी तो प्रसंग एकमेकींना पाठवून डोळे पुसत होत्या. मीही पुसले. मात्र त्यातला 'भयंकर' हा भाग मला वेळेवर मिळाला, 'अफाट' अजून वाटेत आहे.

म्हणून आता मीच मालिका लिहायला घेतली आहे. पहिल्या भागात नायिका एका खोलीत जाते आणि कशासाठी आली ते आठवत उभी राहते. दुसऱ्या भागात ती एक पाय पांघरुणाबाहेर काढते. तिसऱ्यात आत घेते. चौथ्यात मीटिंगमध्ये बोलताना तिला 'प्रिंटर' हा शब्द आठवत नाही आणि ती 'ते कागद ओकणारं' म्हणते. सगळ्यांना कळतं, कोणी हसत नाही, आणि ते हसले असते तर बरं झालं असतं. मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, पण यात घडत काहीच नाही."

"सात सीझन घडत नाही," मी म्हटलं.

नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. "आणि माझं काम कोण करणार?"

"तुझं काम नाहीये यात. पंख्याचं आहे."

त्यावर तो दचकला. पण मी तेव्हा चष्मा पुसत होते, त्यामुळे ते काही मला दिसलं नाही.