आम्हाला चार माणसं हवी होती

काल पुन्हा एक फोटो ग्रुपवर फिरत आला. नाकात नळी असलेलं बाळ, खाली क्यूआर कोड. मी पाचशे रुपये टाकले. पैसे लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण दोन वर्षांपूर्वी आमच्यावर ही वेळ आली तेव्हा आम्ही अडलो होतो ते पैशावर नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं लेकरू दूध पिताना दमायचं. दोन घोट घ्यायचं, थांबायचं, कपाळावर घाम. आठ महिन्यांत तीनदा न्यूमोनिया. घरातलं निदान ठरलेलं, दृष्ट लागली. मग अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढलाच नाही. टूडी इकोत कळलं, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र.

सगळे म्हणाले, जरा मोठा होऊ द्या, अंग धरू द्या. बारीक छिद्रं कधी कधी आपोआप बुजतात, हे खरं आहे. मोठ्या छिद्राचं तसं नसतं. डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं, जास्तीचं रक्त फुफ्फुसांत जात राहतं, तिथला दाब वाढतो, रक्तवाहिन्या जाड होत जातात. आणि एका टप्प्यानंतर छिद्र बुजवणंच जिवावर बेतू शकतं. म्हणजे दुखणं हृदयाचं, घड्याळ फुफ्फुसांचं. हे आम्हाला नीट समजावून सांगणारं माणूस लातूरपासून मुंबईपर्यंत एकच भेटलं, आणि ती वॉर्डातली सिस्टर होती.

ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं. केशरी रेशनकार्ड कामाला आलं. आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि तेवढ्यात मुंबईत परळच्या हॉस्पिटलच्या काउंटरवरून सांगितलं, "चार रक्तदाते आणा."

परळमध्ये आम्हाला कोण ओळखतंय? भावजी नुकते तापातून उठलेले, माझं हिमोग्लोबिन कमी. बाहेर चहाच्या टपरीवर भावजी नुसते उभे राहिले, कप हातात थंड होत गेला. टपरीवाल्याने विचारलं, काय झालं? ऐकून त्याने एक फोन लावला. तासाभरात लालबागच्या एका मंडळाची पाच पोरं आली. रक्त देऊन निघूनही गेली, आम्ही नावंसुद्धा विचारली नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आधार म्हणजे मला आता ती पोरं आठवतात.

कारण बाकीचा आधार फोनवर यायचा आणि त्यात चौकशीच जास्त. "ग्रहणात बाहेर गेली होतीस का गं?" हा प्रश्न बहिणीला सासरच्या आणि माहेरच्याही बायकांनी विचारला. आयसीयूच्या दारात बसलेल्या बाईला! दर हजार जन्मांमागे आठ-दहा बाळांच्या हृदयात जन्मतः काहीतरी दोष असतो, आणि बहुतेकदा नेमकं कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कृपा करून हा प्रश्न विचारू नका.

बाजूच्या खाटेवरच्या मुलीची फुफ्फुसं अधू होती. तिला घरी ऑक्सिजनचं मशीन लावूनच सोडायचं होतं. तिच्या बापाला मशीन मिळालं होतं, त्याची चिंता निराळीच. गावात लाइट जाते तेव्हा काय करायचं? इन्व्हर्टर किती वेळ ओढेल? जादा सिलिंडर भरून कुठून आणायचा? वाढलेलं बिल तर त्याने मोजलंही नव्हतं. ह्या कशाचंही पॅकेज नसतं. शेजाऱ्याने रात्री एक वायर ओढू दिली तर त्या घराला झोप लागते.

आमच्याकडे मोठी भाची सहा वर्षांची. महिनाभर ती कुणाकडे जेवली, शाळेत गेली की नाही, हे बहिणीला परत आल्यावर कळलं. गावातल्या एका काकूंनी म्हशीची धार काढली, पोरीची वेणी घातली आणि मुंबईला एकदाही फोन केला नाही. त्यांच्याइतकी मदत कुणीच केली नसेल.

आता आमच्याच गल्लीतलं एक कुटुंब परवा लातूर एक्स्प्रेसने निघतंय. मुलगी अकरा महिन्यांची. राहायची सोय दादरच्या धर्मशाळेत बघतोय. पहिला आठवडा मी सोबत आहे. दुसऱ्या आठवड्यात रात्री आईला दोन-तीन तास पाठ टेकता यावी म्हणून वॉर्डाबाहेर बसायला एक बाई हवी आहे, आणि परळ-दादर भागातून दुपारचा एक डबा. तिखट कमी. रक्तदात्यांपैकी दोघं ठरले आहेत, दोघं बाकी आहेत. जमत असेल तर कमेंटमध्ये नुसतं "मी" लिहा, मी मेसेज करते.