इंग्लंडमधल्या लडलो गावच्या बेली डान्स क्लासला मिळालेल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू मराठीत लिहिलात, तर उत्तरही मराठीतच देते. श्रूजबरीहून ए ४९ रस्त्यानं हिवाळ्याच्या अंधारात गाडी चालवत यायचं आणि वर मनासारखं शिकायला मिळालं नाही असं वाटायचं, म्हटल्यावर चिडचिड होणारच. तुमचं म्हणणं असं की सहा आठवडे एकच स्टेप घोटून घेतली, झगमगीत ड्रेस नाही, हिंदी गाणी नाहीत, क्लासमध्ये सगळ्या म्हाताऱ्या, पोट काही कमी झालं नाही, मोबाइल बाहेर ठेवायला लावला, पुण्याहून आलेल्या नणंदेला बसून बघू दिलं नाही आणि बुडलेल्या दोन क्लासचे पैसेही परत नाहीत.

मोबाइल आणि नणंदेपासून सुरुवात करते, कारण बहुतेक स्टार तिथेच गेलेत.

लडलो म्हणजे दहा-अकरा हजार वस्तीचं गाव. किल्ल्यासमोरच्या बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी चार ओळखीचे चेहरे भेटतात. काल दवाखान्यात जिनं आपलं रक्त काढलं ती आज टेस्कोच्या रांगेत आपल्या पुढे उभी असते. अशा गावात कंबर हलवायला शिकणाऱ्या बाईचा दहा सेकंदांचा व्हिडिओ गावाच्या फेसबुक ग्रुपवर गेला, तर सोमवारी शाळेच्या फाटकाशी तिला काय काय ऐकावं लागेल, याचा अंदाज तुम्हालाही असेल. पुण्यात गर्दीत हरवता येतं. इथे नाही. म्हणून पडदे ओढलेले, मोबाइल बाहेरच्या टोपलीत, आणि नाचणार नसेल त्यानं आत बसायचं नाही. माझा नवरासुद्धा सामान उतरवून बाहेर गाडीत बसतो. नणंदबाईंना मी कमरेला बांधायचा हिप स्कार्फ देऊ केला होता, ‘या, नाचा’ म्हटलं होतं. त्यांना फक्त शूटिंग करायचं होतं.

आमच्यातल्या एक बाई सुरुवातीला अंगातला जाड कार्डिगन काढायच्याच नाहीत. हॉल गरम झाला, बाकीच्या घामाघूम झाल्या, तरी यांची बटणं गळ्यापर्यंत. दर वेळी आधी जाऊन पडद्याची फट बंद करायच्या, मग मागच्या रांगेत उभ्या राहायच्या. आता त्या पहिल्या रांगेत असतात आणि नाणी लावलेला स्कार्फ आपला आपण, चांगला घट्ट बांधतात. कॅमेरा असता तर त्या दुसऱ्या आठवड्याला आल्याच नसत्या. तुम्ही ज्यांना म्हाताऱ्या म्हणालात त्यांच्यापैकीच या एक. (तुमचा रिव्ह्यू त्यांनी गूगल ट्रान्सलेटवर वाचलाय. बाकी फारसं कळलं नाही, ते दोन शब्द मात्र बरोबर कळले.)

आता ‘एकच स्टेप’, म्हणजे हिप ड्रॉप. दिसायला सोपा आहे. वजन एका पायावर, दुसऱ्याची टाच उचललेली. त्या पायाचा गुडघा सरळ केला की कंबर वर, सैल सोडला की खाली. काम गुडघ्याचं, नाव कमरेचं. तुम्ही कमरेतून झटका देत होतात, म्हणून मी दोनदा जवळ येऊन थांबवलं. तसंच वर्षभर केलं असतंत तर पाठीचा खालचा भाग धरला असता. लावणी शिकलेय, त्यामुळे हे मला येतंच, असं तुम्ही लिहिलंय. लावणीमुळे तालाचा कान तयार झालाय, हे खरंच आहे. सईदी या इजिप्तच्या नाचाचा ‘दुम तक दुम-दुम तक’ ठेका तुम्ही सगळ्यांच्या आधी पकडलात. पण लावणीत पाय बोलतो आणि इथे पावलाचा आवाजही होऊ द्यायचा नसतो. तुमचे पाय गप्प बसायला तयार नव्हते, एवढीच अडचण.

ड्रेसचं म्हणाल, तर ब्लाउज-घागऱ्यासारखा चमचमता पोशाख कैरोच्या नाइट क्लबांमधून पुढे आला. नर्तकी बदिया मसाबनींनी तिथे आपला क्लब १९२६ मध्ये काढला. आम्ही या ब्लॉकला, म्हणजे क्लासच्या या सत्राला, सईदी केलं, म्हणजे दक्षिण इजिप्तचा लोकनाच. त्यात लांब पायघोळ झगाच घालतात. ‘हातात काठी देऊन लेझीम करून घेतली’ हे वाचून मला हसू आलं, पण ती काठी तहतीबची आहे, पुरुषांच्या लाठीच्या खेळाची. युनेस्कोच्या वारसा यादीत तो २०१६ मध्ये गेला. बायका त्याच काठीनं पुरुषांची जरा फिरकी घेत नाचतात. १९५९ मध्ये इजिप्तचे नर्तक महमूद रेदा यांनी आपला नृत्यसंघ काढून हे लोकनाच रंगमंचावर नेले. तुम्हाला शिकवलेली शेवटची रचना त्याच वळणाची होती. त्यावर हिंदी गाणं लावता येतं, गणपतीत मी स्वतः लावते. क्लासमध्ये लावणार नाही.

पोट कमी करून देईन असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही.

राहिले पैसे. हॉलचं भाडं मी अख्ख्या ब्लॉकचं आगाऊ भरते, कोणी आलं नाही म्हणून ते कमी होत नाही. त्यामुळे रोख परत मिळत नाही, पण बुडलेले क्लास पुढच्या ब्लॉकमध्ये भरून काढता येतात. तुम्ही सही केलेल्या फॉर्मवर हे आहे. तुमचे दोन अजून शिल्लक आहेत. ईस्टरनंतर नवा ब्लॉक सुरू होतोय, तोही मंगळवारीच, आणि त्यात काठी नाही. ट्रेननं आलात तर अर्ध्या तासाचा प्रवास आहे, स्टेशनवर घ्यायला मी येईन. यायचं नसेल तर तेही ठीक, राग नाही. फक्त क्लासचा जांभळा हिप स्कार्फ तुमच्या पिशवीतून गेलाय, तेवढा पोस्टानं पाठवा. पोस्टाचा खर्च मी देईन.