‘वरून क्वार्टर पाजा, विष उतरतं’ : विषारी दारूबद्दलच्या सल्ल्याला उत्तर

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांपासून पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपर्यंत गावठी पिणाऱ्यांसाठी एक सल्ला मोबाइलवर फिरतो. ओळखीच्या अड्ड्यावरची, पहिल्या धारेची घ्या. काडी लावून बघा, ज्योत निळी तर माल शुद्ध. विषारी असेल तर तासाभरात कळतंच. मग मीठपाणी पाजून उलटी काढा, वरून इंग्लिशचा क्वार्टर पाजा. दवाखान्यात नेऊ नका, पोलीस केस होते. यातलं क्वार्टरचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते सगळ्यांत जास्त घात करतं.

‘ओळखीचा अड्डा, पहिली धार.’ विषारी दारूतलं विष म्हणजे मिथेनॉल, दारूतल्या इथेनॉलसारखंच दिसणारं दुसरं अल्कोहोल. गुळाच्या किंवा मोहाच्या सडव्यात (आंबवलेल्या मिश्रणात) ते तयार होतं, पण अगदी थोडं. एका रात्रीत माणसं दगावतात ती कारखान्यांसाठीचं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे, किंवा दारू म्हणून तेच विकल्यामुळे. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटादकडे भट्टी लागलीच नव्हती. मिथेनॉलमध्ये पाणी घालून विकलं गेलं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली, तेही मिथेनॉलनेच. भेसळ भट्टीवर होते तशी वाटेत किंवा अड्ड्यावरच्या कॅनमध्येही होते. विकणारा ओळखीचा असला तरी त्याला आपल्या मालात काय आहे हे माहीत असेलच असं नाही. कालचा फुगा (प्लास्टिकच्या पिशवीतली दारू) बाधला नाही, यावरून आजच्या फुग्याबद्दल काहीही कळत नाही.

‘निळी ज्योत.’ मिथेनॉलची ज्योतही निळीच असते, इतकी फिकट की उजेडात दिसतही नाही. वासावरून आणि चवीवरूनही फरक कळत नाही. काडीची परीक्षा सोडून द्या.

‘तासाभरात कळतं.’ ही समजूत जिवावर बेतते. मिथेनॉल पोटात गेल्यावर आधी साध्या दारूसारखी झिंग येते. खरं विष यकृतात बनतं: मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड, त्याचं फॉर्मिक आम्ल. हे आम्ल पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही आणि डोळ्यांच्या नसेला सर्वांत आधी गाठतं. याला साधारण १२ ते २४ तास लागतात. सोबत खरी दारू प्यायली असेल तर त्याहून जास्त. म्हणजे रात्री प्यायलेला सकाळी ठीक दिसतो, कामावर जातो आणि संध्याकाळी कोसळतो. द्राक्षाच्या हंगामात हे आणखी बिकट होतं: एका फडात बसून प्यायलेले मजूर दुसऱ्या दिवशी दिंडोरी-निफाडच्या वेगवेगळ्या बागांत पांगलेले असतात, आणि एकाला त्रास झाला तरी बाकीच्यांना कळत नाही.

धुक्यात किंवा बर्फात बघितल्यासारखं पांढुरकं दिसणं, पोटात कळा, उलट्या, डोकेदुखी, धाप लागल्यासारखा खोल आणि भरभर श्वास: यातलं काहीही दिसलं तर हँगओव्हर समजू नका. ‘झोपू द्या, उतरेल’ हे तर मुळीच नको.

‘मीठपाणी.’ मिथेनॉल तासाभरात रक्तात शोषलं जातं, नंतरच्या उलटीतून ते निघत नाही. उलट गुंगीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते, आणि मिठाने रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात.

आता क्वार्टर. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) मिथेनॉलचं विष बनवतं, ते दारूतल्या इथेनॉलला आधी पकडतं. म्हणून डॉक्टर उतारा म्हणून इथेनॉल खरंच देतात. फोमेपिझोल हे खास औषध आपल्याकडे सहज मिळत नाही. पण डॉक्टरांना रक्तातलं इथेनॉल १०० मिलिलिटरमागे १०० ते १५० मिलिग्रॅम असं तासन्‌तास टिकवावं लागतं. एका क्वार्टरची पातळी काही तासांत उतरते आणि विष बनणं पुन्हा सुरू होतं. इथेनॉलने फक्त विकर अडतं. आधी तयार झालेलं आम्ल तसंच राहतं, आणि अडवलेलं मिथेनॉल आपोआप बाहेर पडायला काही दिवस लागतात. आम्ल मारायला शिरेतून सोडियम बायकार्बोनेट, ते लवकर मोडावं म्हणून फोलिनिक आम्ल, आणि आम्ल व मिथेनॉल दोन्ही रक्तातून काढायला डायलिसिस लागतं. घरी पाजलेल्या क्वार्टरने लक्षणं पुढे ढकलली जातात, घरचे निर्धास्त होतात, आणि दृष्टी वाचवायची वेळ हातची जाते. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात तर काहीच ओतू नये.

सुरगाण्याहून नाशिक घाटाने ९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वाटेतच बराच वेळ जातो. म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन तिथेच थांबू नका. १०८ लावा, ‘मिथेनॉलचा संशय आहे, डायलिसिस लागेल’ हे शब्द वापरा, आणि थेट तशी सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा. तोवर रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवा. कधी प्यायला, साधारण किती, सोबत आणखी काय प्यायला, हे लिहून द्या. उरलेली दारू झाकण घट्ट लावून सोबत न्या. झाकण उघडं राहिलं तर मिथेनॉल उडून जातं.

‘पोलीस केस होते.’ होते, कारण विषबाधेची नोंद करावीच लागते. पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. शिवाय माल कुठला हे त्या नोंदीतूनच कळतं. त्याच कॅनमधलं प्यायलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी शोधा आणि त्रास होत नसला तरी रक्ततपासणीला न्या. ज्याला अजून काही होत नाही, त्याचे डोळे वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.